अकस्मात मृत्यूची नोंद

एप्रिल-मे लागला की जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली. नावं बदलतात, तालुके बदलतात. शेततळ्यात पोहायला उतरलेले दोघे भाऊ बुडाले. कधी चुलतभावंडं, कधी सुटीला मामाकडे आलेला भाचा. एक फुगलेली चप्पल काठावर सापडते, त्यावरून शोध लागतो. बातमीची शेवटची ओळ मात्र छापील साच्यातून निघाल्यासारखी असते : ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.’ त्याच्याच खाली कांद्याचे भाव.

माझं भांडण या शेवटच्या ओळीशी आहे. ती खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. कायद्याप्रमाणे ती बरोबरच असते. पण ती ओळ आली की विषय संपतो, आणि तो संपवण्यासाठीच ती लिहिली जाते की काय, असा मला संशय आहे. हा संशय का आला ते सांगायचं तर शेततळं सोडून बरंच लांब जावं लागेल. यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात, १८३८ साली.

सिल्कस्टोन हे बार्न्सलीजवळचं कोळशाचं गाव. त्या वर्षी २८ जूनला लंडनमध्ये एकोणीस वर्षांच्या व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक झाला होता. पुढच्याच आठवड्यात, ४ जुलैच्या बुधवारी, सिल्कस्टोनला दुपारी ढग फुटला. गारा, विजा, आणि ओढ्यानाल्यांना मावणार नाही इतका पाऊस. पाणी इंजिनघरात शिरलं, बॉयलरखालची आग विझली, आणि माणसांना खाणीतून वर ओढणारं वाफेचं इंजिन बंद पडलं. खाली निरोप गेला की काम थांबवा आणि विहिरीच्या तळाशी जमा व्हा. म्हणजे खाणीच्या विहिरीच्या, जिथून वर जाण्याचा पाळणा सुटतो तिथे.

तळाशी जमलेल्यांत लहान मुलं पुष्कळ होती. ती पहाटेपासून खाली होती. वर नेमकं काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं. चाळीसेक पोरांनी ठरवलं की वाट बघत बसायचं नाही. हस्कर खाणीला हवेसाठी एक उतरतं भुयार होतं, त्याचं तोंड वर नॅब्स वुड नावाच्या रानात उघडत असे. त्या भुयारातून चालत वर जाता येईल, हे मुलांना माहीत होतं. त्यात चूक काहीच नव्हतं. एरवी ते खरंच जाता आलं असतं. पोरं निघाली. वाटेत हवेचं दार होतं, ते उघडून पलीकडे गेली, दार मागे लागलं. भुयाराच्या तोंडाजवळून एक ओहोळ जायचा. एरवी कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहू नये असा. तो त्या दिवशी फुगला आणि भुयारात वळला. पाण्याच्या लोटाने मुलांना चढावरून खाली ढकलत आणलं ते त्या बंद दारापर्यंत.

सव्वीस मुलं गेली. अकरा मुली, पंधरा मुलगे. सर्वात लहान सात वर्षांचं, सर्वात मोठी सतरा वर्षांची. बर्किनशॉ घरातले दोघे भाऊ गेले, एक दहाचा आणि एक सातचा. गावच्या चर्चच्या आवारात त्यांना सात खड्ड्यांत पुरलं.

या सात वर्षांच्या पोराचं आयुष्य किती? त्याच्याबद्दल आपल्याला काय ठाऊक असणार? डायरी नाही, चित्र नाही, पत्र नाही. नाव आणि वय दगडावर कोरलंय, तेही मेला म्हणून. घरी म्हातारा होऊन मेला असता तर तेवढंही कुठे कोरलं गेलं नसतं. पण त्याच्यासारख्या मुलाचा दिवस कसा जायचा हे आपल्याला आश्चर्य वाटावं इतकं नीट माहीत आहे, कारण पुढे चार वर्षांच्या आत काही माणसं मुद्दाम खाणींत उतरली आणि त्यांनी मुलांनाच विचारलं. सिल्कस्टोनपासून जवळच, बार्न्सलीच्याच शिवारात गॉबरची खाण होती. तिथल्या सारा गूडर नावाच्या आठ वर्षांच्या मुलीची जबानी १८४२च्या सरकारी अहवालात आहे. ती म्हणते : मी दार सांभाळते. काम थकवत नाही, पण उजेडाशिवाय बसावं लागतं आणि मला भीती वाटते. पहाटे चारला जाते, कधी साडेतीनला, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर येते. मी झोपत कधी नाही. उजेड असला की कधी कधी गाणं म्हणते, पण अंधारात नाही; तेव्हा धीर होत नाही.

या कामाला ‘ट्रॅपर’ म्हणत. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांत लाकडी दारं लावलेली असत. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गाडी गेली की सोडायचं. दार उघडं राहिलं तर ताज्या हवेची वाट चुकते, खोल भागात वायू साठतो, आणि एखाद्या दिव्याने भडका उडतो. म्हणजे आख्ख्या खाणीचा जीव ज्या कामावर अवलंबून, ते काम ज्याला सगळ्यात कमी मजुरी द्यावी लागते त्याच्याकडे. थोडी मोठी मुलं ‘हरियर’ होत, गाड्या ओढत-ढकलत नेत. काही खाणींत तर कमरेला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळी दोन पायांमधून मागे गाडीला, आणि मूल चार पायांवर. हिवाळ्यात सूर्य दिसायचा तो रविवारी.

हस्करला मुलं ज्या दारापाशी सापडली ते दार याच जातीचं होतं. ज्यांचा दिवस असल्या दारांशी जायचा त्यांनाच ते पाण्याच्या दाबाखाली उघडता आलं नाही. याच्यावर मी अधिक काही लिहिणार नाही.

आता चौकशी. इंग्लंडमध्ये असा मृत्यू झाला की कोरोनर, म्हणजे अशा मरणाची चौकशी करणारा अधिकारी, यायचा, गावातली माणसं ज्यूरी म्हणून बसायची, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हे सगळं गावातल्या सराईत चालायचं. मोठी खोली गावात तिथेच असे. सिल्कस्टोनच्या ज्यूरीने निकाल दिला : अपघाती मृत्यू.

ती ज्यूरी वाईट होती असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. उलट तिच्या जागी बसून पाहा. मुलांना कुणी मारलेलं नाही. पाऊस असा की म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. खाली थांबा असा निरोप होता, मुलं थांबली नाहीत. भुयाराचं तोंड ओहोळापाशी होतं खरं, पण ओहोळ कोरडा असायचा. शिवाय ज्यूरीतल्या किती जणांची चूल या ना त्या प्रकारे खाणीवर पेटत असेल? ‘अपघात’ हा शब्द अशा वेळी सगळ्यांची सोय करतो. मालकाची करतो, ज्यूरीची करतो, आणि एका परीने आईबापांचीही करतो. कारण सात वर्षांच्या पोराला पहाटे उठवून खाली कुणी पाठवलं हा प्रश्न एकदा निघाला की तो त्यांच्याही दाराशी येणार.

पण ‘अपघात’ कशाला म्हणायचं? पाऊस अचानक आला हे कबूल. इंजिन विझलं, तेही अचानक. पण सात वर्षांचा मुलगा दुपारी दोन वाजता जमिनीच्या पोटात का होता? तो तिथे आदल्या दिवशीही होता, त्याच्या आदल्या दिवशीही. बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेचं तोंड ओहोळाच्या काठी कुणीतरी जागा बघूनच खणलं होतं. वर काही घडलं तर खालच्या मुलांजवळ एक तरी जाणतं माणूस राहील अशी तजवीज नव्हती, ती कुणी केली नव्हती म्हणून नव्हती. यांतली कोणतीच गोष्ट आभाळातून पडली नाही. ज्यूरीने फक्त शेवटच्या अर्ध्या तासाकडे पाहिलं. त्या अर्ध्या तासापुरतं तिचं बरोबर होतं.

दगडाची गोष्ट याहून पुढची. १८४१ साली चर्चच्या आवारात स्मारक उभं राहिलं. त्यावर जे कोरलंय त्याचा भावार्थ असा की त्या दिवशी परमेश्वराने आपला मेघगर्जनेचा, विजांचा, गारांचा आणि पावसाचा मारा पाठवला, आर. सी. क्लार्क साहेबांच्या कोळशाच्या खाणींत एकाएकी पाणी घुसलं, आणि सव्वीस जीवांना त्यांच्या निर्मात्यापुढे हजर होण्याचं बोलावणं आलं. मग दगड वाचणाऱ्याकडे वळतो : वाचका, ध्यानात ठेव, देवाच्या ज्या ज्या हाकेकडे तू दुर्लक्ष केलंस ती न्यायाच्या दिवशी तुझ्याविरुद्ध उभी राहील. मालकाचं नाव दगडावर आहे ते खाणी कुणाच्या एवढं सांगण्यापुरतं. ताकीद मिळते ती वाचणाऱ्याला. आपल्याकडे सटवाईने कपाळी लिहिलं म्हणतात, तसंच हे. फरक एवढाच की आपली सटवाई निदान बाळाच्या कपाळावर लिहून गप्प बसते, वाटसरूला दम देत नाही.

त्याच स्मारकावर एक ओळ मात्र अशी आहे की ती लिहिणाऱ्याचा हात थरथरला असेल. अकरा वर्षांची एलिझाबेथ क्लार्कसन तिचा भाऊ जेम्स याच्या पायाशी विसावली आहे, असं तिच्यात म्हटलंय. तिच्यात देव नाही, ताकीद नाही. कोण कुणाजवळ आहे एवढंच.

इंग्रजी कायद्यात तेव्हा एक विचित्र जुनी चाल होती. ज्या वस्तूमुळे माणूस मेला, ती गाडी, चाक, बैल, भांडं, काहीही, ती दोषी धरायची आणि तिची किंमत राजाच्या तिजोरीत जमा करायची. तिला ‘डिओडँड’ म्हणत, म्हणजे देवाला द्यायची गोष्ट. वेडगळच आहे. पण त्या वेडात एक शहाणपण होतं : मरणाचं काहीतरी मोल कुणाच्या तरी खिशातून जायचं. आगगाडी आल्यावर ज्यूरींना हे हत्यार सापडलं. १८४१च्या डिसेंबरात सॉनिंगजवळच्या रेल्वे अपघातानंतर ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर तब्बल १००० पौंडांचा डिओडँड लावला. रेल्वे कंपन्यांना हे परवडणारं नव्हतं. १८४६ साली ही चाल रद्द झाली, आणि त्याच वर्षी लॉर्ड कँपबेलचा कायदा आला, की चुकीने माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाई मागता येईल. वस्तूची किंमत सरकारला देण्याऐवजी माणसाची किंमत घरच्यांना. सुधारणाच. पण ‘किंमत’ म्हणजे काय, तर मेलेला जे कमावून आणत होता ते. खाणीत दार सांभाळणाऱ्या पोराला निदान काही किंमत होती. शाळेत जाणाऱ्याला काय?

ही भानगड आपल्यापर्यंत पोचली ती इथून. कँपबेलच्या कायद्याची नक्कल १८५५ साली हिंदुस्थानात झाली, आणि ‘फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट’ हे त्याचं नाव घेऊन आपण स्वातंत्र्यातही आलो. न कमावत्या माणसाचं मोल कसं काढायचं ही अडचण त्याच्याबरोबर आली. १९९४ साली मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात न कमावणाऱ्याचं मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं. पुढे कोर्टांनी ते वाढवत नेलं. तरी पद्धत तीच. मूल गेलं की आधी ते किती कमावत नव्हतं ते मोजायचं.

सिल्कस्टोनला परत येतो. तिथे गेलात तर कुणीतरी नक्की सांगेल की नव्या राणीला या मुलांचं ऐकून दुःख झालं आणि तिने चौकशी लावली. गोष्ट गोड आहे. पण चौकशीचा आयोग नेमला गेला १८४० साली, दोन वर्षांनी, आणि त्यासाठी पार्लमेंटात खटपट केली ती लॉर्ड ॲश्लीने, जो पुढे शाफ्ट्सबरी म्हणून ओळखला गेला. राणीच्या मनाला पाझर फुटून कायदे होत असते तर बरंच झालं असतं. कायदा होण्यासाठी कुणीतरी कंटाळा न करता कागद गोळा करावे लागतात.

आयोगाने कागद गोळा केले, आणि वेगळ्या तऱ्हेने केले. कोरोनर मेलेल्या मुलाबद्दल जिवंत मोठ्या माणसांना विचारायचा. आयोगाच्या माणसांनी जिवंत मुलांनाच विचारलं : किती वाजता उठतेस, काय खातेस, कुणी मारतं का, वाचता येतं का, भीती वाटते का. सारा गूडरचं गाणं त्यातून कागदावर आलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी गोष्ट हीच आहे. सव्वीस मुलं गेल्यावर पंच बसले आणि त्यांना अपघात दिसला. एका जिवंत मुलीला दिवस कसा जातो असं विचारलं, आणि त्या उत्तरात आख्खी व्यवस्था दिसली.

१८४२च्या मे महिन्यात अहवाल बाहेर आला, चित्रांसकट. सरकारी अहवालाला चित्रं ही नवलाईच होती. साखळीने गाडी ओढणारी मुलगी घराघरांतल्या टेबलांवर जाऊन पोचली, आणि एकच गहजब उडाला. पण कशाबद्दल, तेही पाहायला हवं. सभ्य लोकांना सर्वात जास्त झोंबलं ते हे की खाणीत उकाड्यामुळे पुरुष नागवे असतात आणि मुली त्यांच्यासोबत अर्ध्या उघड्या काम करतात. मरणापेक्षा लाज मोठी ठरली. कायदा झाला, १० ऑगस्ट १८४२ : कोणतीही स्त्री, कोणत्याही वयाची मुलगी, आणि १० वर्षांखालचा मुलगा जमिनीखाली नाही. ॲश्लीला मुलांसाठी १३ची अट हवी होती. लॉर्ड्सच्या सभागृहात खाणमालक बसले होते, लंडनडरीचा मार्क्विस त्यांत पुढे. अट १० वर आली. अंमलबजावणीसाठी सबंध देशाला एक निरीक्षक. एक. सेमूर ट्रेमेनहीअर त्याचं नाव, आणि तो खाणीत उतरत नसे. खाली उतरणारे निरीक्षक १८५०च्या कायद्याने आले.

आणि ज्या बायकांची मजुरी एका सहीने गेली त्यांना दुसरं काम कुणी दिलं नाही. काही पुरुषी कपडे घालून खाली जातच राहिल्या. विगनच्या बाजूला खाणीच्या तोंडावर कोळसा निवडणाऱ्या बायका पुढे कितीतरी दशकं होत्या. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘कायदा केला की झालं’ असं माझं म्हणणं आहे असा कुणाचा समज व्हायला नको. घरात दुसरा पैसा येत नाही तोवर आई पोराला खाणीत पाठवणारच. तिला दोष देणारा सहसा पोटभर जेवलेला असतो.

धुराड्यांची गोष्ट याच शतकातली, आणि शब्दाने काय फरक पडतो ते तिच्यात दिसतं. धुराडी साफ करायला लहान मुलं आत चढवत. १७८८ साली त्यावर कायदा झाला, मग १८३४, मग १८४०, मग १८६४. मुलं चढतच होती, कारण घरवाल्याला गालिचा काळा होण्याची धास्ती होती आणि ब्रशपेक्षा पोर बरं पडायचं. १८७५च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळ फुलबर्नच्या वेड्यांच्या इस्पितळात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकला. भिंत फोडून त्याला काढलं. तो वाचला नाही. पण या वेळी निकाल ‘अपघात’ नव्हता. त्याचा मालक विल्यम वायर याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला, सहा महिने सक्तमजुरी झाली. ॲश्ली, आता म्हातारा शाफ्ट्सबरी, पुन्हा उभा राहिला, आणि त्याच वर्षी असा कायदा झाला की धुराडी साफ करणाऱ्याला पोलिसांकडून परवाना घ्यावा लागेल. तेव्हा कुठे हे थांबलं. चार कायद्यांनी झालं नाही ते पाचव्याने झालं, कारण पाचव्यात कुणाला विचारायचं ते लिहिलेलं होतं.

तिकडे हे होत असताना आपल्याकडे? मुंबईत गिरण्यांचा भोंगा वाजत होता. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ साली गिरणीतल्या मुलाबायकांसाठी कायद्याचा मसुदा केला. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला, त्यात कामावर घ्यायचं किमान वय होतं सात. इंग्लंडने खाणीत दहाखालचा मुलगा नको म्हटल्याला तोवर ३९ वर्षं होऊन गेली होती, आणि राणी तीच होती. १८९१ला सातचे नऊ झाले.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आली आणि गेली. कोरोनर. १८७१च्या कायद्याने कलकत्ता आणि मुंबई या दोन शहरांत कोरोनर नेमले गेले. मुंबईचं कोरोनर कोर्ट १९९९ साली बंद झालं. बाकी महाराष्ट्राला ते कधी मिळालंच नव्हतं. खेड्यापाड्यांत फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ आहे. पोलीस येतात, गावातल्या दोघा प्रतिष्ठितांना पंच म्हणून उभं करतात, पंचनामा होतो, मृत्यूचं ‘दिसून येणारं कारण’ लिहायचं, दंडाधिकाऱ्याकडे कागद जातो. दिसून येणारं कारण : पाण्यात बुडून. खोटं काय त्यात? सिल्कस्टोनच्या सराईतली ज्यूरी आणि तळ्याकाठचे आपले दोन पंच, एकाच पाटावर बसलेले आहेत.

शेततळं जवळून पाहिलंय का? जमीन खोदून चारी बाजूंना मातीचा भराव घालतात आणि आतून जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात, पाणी मुरू नये म्हणून. कागदावर महिनाभरात शेवाळाचा पातळ थर धरतो. वरून बघणाऱ्याला ते तळं उथळ वाटतं, कारण कडा उतरती असते. पण त्या उतारावर एकदा पाय पडला की थांबायला काही नाही. पट्टीचा पोहणाराही काठाला आला तरी वर चढू शकत नाही. हात घासतात, नखं घसरतात, दर वेळी तो परत पाण्यात. पहिला घसरतो, दुसरा त्याला हात द्यायला जातो. म्हणून बातमीत नेहमी दोघे असतात. हे एकदा कळलं की ‘अकस्मात’ हा शब्द तोंडात येत नाही. याला ठरलेली रीत आहे. दुष्काळाला उतारा म्हणून सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ म्हटलं, शेतकऱ्याच्या डाळिंबा-द्राक्षाला त्याने खरोखर जीवदान दिलं, मी त्याच्या विरोधात नाही. पण काठावरून खाली सोडलेल्या चार दोऱ्या, त्यांना बांधलेल्या हवा भरलेल्या ट्यूबा आणि भोवती काटेरी तार, एवढं असतं तर त्या बातम्यांतली कितीतरी पोरं चिखलाने माखून, मार खाऊन घरी गेली असती.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘आईबापाने लक्ष ठेवायला नको?’ ठेवायला हवं. सिल्कस्टोनच्या आईबापांनीही ठेवायला हवं होतं. दुसरं उत्तर, ‘म्हणजे आता शेतकऱ्याला तुरुंगात घालणार?’ मुळीच नाही. माझी मागणी त्याहून किरकोळ आहे, आणि ती इंग्लंडमध्ये चालू असलेल्या एका गोष्टीवरून सुचलेली आहे. तिथे कोरोनरला एखाद्या मृत्यूत असं दिसलं की हे पुन्हा घडू शकतं, तर तो ज्याच्या हातात ते थांबवणं आहे त्याला पत्र लिहितो. मग ते खातं असो, कंपनी असो, नगरपालिका असो. त्याला ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं : काय करणार, कधी करणार, नाही तर का करणार नाही. पत्र आणि उत्तर दोन्ही लोकांना वाचायला मिळतात. शिक्षा नाही, दंड नाही. फक्त उत्तर द्यायचं. २००९च्या कायद्यात ही तरतूद आहे. सिल्कस्टोनच्या ज्यूरीपासून तिथवर पोचायला त्यांना १७१ वर्षं लागली, तेव्हा इंग्रजांचं कौतुक बेताचंच करू.

आपल्याकडे अठरा वर्षांखालचं मूल अकस्मात मृत्यूच्या नोंदीत गेलं, तर तहसीलदाराने त्या कागदाला आणखी एक पान जोडावं. मूल तिथे का होतं. तिथे काय नव्हतं जे असायला हवं होतं. ते लावणं कुणाच्या हातात होतं. आणि ते पान त्या खात्याकडे जावं, कृषी खात्याकडे, जलसंपदाकडे, वीज कंपनीकडे, आणि उत्तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. उसाच्या फडात ट्रॅक्टरखाली आलेलं तोडणी कामगाराचं झोपलेलं पोर असो, की उघड्या बोअरवेलमध्ये पडलेलं. बोअरवेलबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सूचना दिल्या आहेत. तोंड बंद करा, कुंपण घाला, फलक लावा. पाळल्या का, हे विचारणारा कागदच नाही, म्हणून दर वेळी वाहिन्यांचे कॅमेरे धावतात.

तहसीलदारांना कामं कमी आहेत का, हा आक्षेप खरा आहे. पण ट्रेमेनहीअर एकटाच होता.

मागच्या उन्हाळ्यात आजोळी गेलो होतो. मामाच्या शेजारच्या रानात एक शेततळं आहे, त्याला चारी बाजूंनी दोर सोडलेले दिसले, जुन्या ट्यूबा बांधलेल्या, एका कोपऱ्यात ठिबकच्या नळीची शिडीसुद्धा. मला बरं वाटलं. मालक म्हातारे, धोतर आणि वर बनियन, मोटार बंद करायला आले होते. म्हटलं, “बाबा, झकास काम केलंत. कृषी खात्याने सांगितलं का?”

“खातं कशाला सांगतंय,” ते म्हणाले. “परवाच्या साली शेळी पडली आत. गाभण होती. रात्रभर वरडत होती, वर येता येईना. सकाळी पाह्यलं तर गेलेली. मग बांधले दोर.”

“आणि पोरं?”

“पोरं येत्यात की पवायला,” ते म्हणाले, आणि मोटारीच्या पेटीचं झाकण लावून निघाले.